घाटातला गिअर, पहाटेची झोप आणि भाड्याचा हिशेब : जुन्या ट्रकचालकांच्या सवयींचा अर्थ

भारतातील एकूण मालवाहतुकीचा दोन तृतीयांशाहून अधिक भार रस्ते उचलतात. परंतु हा माल प्रत्यक्ष पोहोचवणारा ट्रकचालक समाजाला बहुधा अपघाताच्या बातमीतूनच भेटतो. त्यामुळे त्याच्याविषयीची मतेही ठरीव असतात: तो उजवी मार्गिका सोडत नाही, उतारावर गाडी न्यूट्रलवर टाकतो, रात्रभर जागून गाडी हाकतो आणि रस्त्याच्या कडेला वाटेल तेथे ती उभी करतो. वीस-तीस वर्षे लांब पल्ल्याची वाहतूक केलेले चालक आपल्या कामाविषयी बोलू लागले, की यांतील बहुतेक आरोप ते नाकारत नाहीत. मात्र प्रत्येक सवयीला ते एखादे कारण जोडतात आणि त्या कारणांकडे लक्ष दिले असता या सवयी दोन गटांत विभागल्या जातात. काही सवयी यंत्राने आणि रस्त्याने शिकवलेल्या आहेत, तर काही सवयी भाड्याने, म्हणजे वाहतुकीच्या पैशाच्या हिशेबाने, लावलेल्या आहेत. पहिल्या गटात मोलाचे व्यावसायिक ज्ञान आहे. दुसऱ्या गटातील सवयी चालकाला केवळ उपदेश करून सुटणाऱ्या नाहीत, कारण त्यांचे मूळ त्याच्या स्वभावात नसून त्याला मिळणाऱ्या मोबदल्याच्या रीतीत आहे.

क्लीनर ते चालक

या ज्ञानाचे हस्तांतर आजवर बहुतांशी गुरुशिष्य पद्धतीने झाले. क्लीनर म्हणून गाडीवर आलेला पोरगा आधी काचा पुसणे, ताडपत्री आवळणे, चाकाखाली दगड लावणे आणि गाडी मागे घेताना आवाज देणे ही कामे करी, पुढे मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हाती घेई आणि काही वर्षांनी परवाना काढून ‘उस्तादा’च्या जागेवर बसे. टेल्को या भारतीय कंपनीने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने १९५४ मध्ये जमशेदपूरला ट्रक बनवण्यास प्रारंभ केल्यानंतर अनेक दशके देशातील रस्त्यांवर जे ट्रक धावत होते, त्यांना पॉवर स्टिअरिंग नसे, केबिन बहुधा स्थानिक कारागिरांनी लाकूड-पत्र्याने बांधलेली असे आणि गिअर बदलताना अनेकदा ‘डबल क्लच’ करावा लागे. डबल क्लच म्हणजे क्लच दाबून गाडी आधी न्यूट्रलमध्ये आणणे, मग क्लच सोडून इंजिनाची गती गिअरच्या गतीशी जुळवणे आणि पुन्हा क्लच दाबून पुढचा गिअर टाकणे. हे तंत्र कानाने शिकावे लागे; म्हणूनच त्या पिढीतील चालक यंत्राच्या आवाजावरून त्याची तब्येत ओळखतात. आज गाड्या सुधारल्या असल्या, तरी भाड्यातून उरणारी रक्कम घटल्याने अनेक मालकांनी क्लीनर कमी केला आहे आणि त्याबरोबर शिकण्याची ही जुनी वाटही अरुंद झाली आहे.

घाट उतरण्याचे शास्त्र

जुन्या चालकांचा सर्वांत पक्का नियम घाटाविषयी आहे: ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. कसारा, बोरघाट, खंबाटकी किंवा महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवरील बिजासन घाट येथे वर्षानुवर्षे ये-जा करणाऱ्यांच्या तोंडी असलेल्या या नियमामागे भौतिकशास्त्राचे साधे गणित आहे. एकूण ४० टन वजनाचा ट्रक ३०० मीटर उंची उतरतो तेव्हा सुमारे ११.८ कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते, आणि ती साधारण ३५० लिटर पाणी उकळीपर्यंत तापवण्यास पुरेल एवढी असते. वाऱ्याचा विरोध आणि चाकांचे घर्षण यांचा वाटा वजा केला, तरी उरलेली बरीचशी ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल, तर फिरणारे इंजिनच चाकांना मागे ओढते आणि ऊर्जेचा मोठा हिस्सा तेथे खर्ची पडतो. याला इंजिन ब्रेकिंग म्हणतात. धूर बाहेर जाण्याचा मार्ग झडपेने अडवून हा विरोध वाढवणाऱ्या साधनाला एक्झॉस्ट ब्रेक म्हणतात आणि उतारावर त्याचा उपयोग पायाच्या ब्रेकच्या आधी करावयाचा असतो.

गाडी न्यूट्रलवर असेल, तर हा सगळा भार ब्रेकच्या ड्रमवर येतो. सतत घासल्याने ड्रम तापतो, तापल्याने प्रसरण पावून ब्रेकच्या अस्तरापासून किंचित दूर सरतो, तापलेल्या अस्तराची पकडही कमी होते आणि पेडल दाबूनही गाडी थांबेनाशी होते. चालक यालाच ‘ब्रेक तापले’ असे म्हणतात. जड वाहनांचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात आणि ती हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर फिरतो. म्हणून उतारावर इंजिनच बंद केले, तर वारंवार पेडल दाबल्याने टाकीतील हवा संपत जाते आणि पॉवर स्टिअरिंगही जड होते. अशा अपघातानंतर थंड झालेले ब्रेक तपासले असता त्यांत दोष सापडतोच असे नाही आणि ‘ब्रेक निकामी झाला’ या विधानाचा अर्थ त्यामुळे संदिग्ध राहतो.

पुण्यातील कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार या दृष्टीने बोलका आहे. घाटाची नागमोडी वळणे नसल्याने हा सलग उतार जाणवत नाही. रस्ता रुंद आणि सरळ दिसतो. साताऱ्याकडून घाट चढून आलेला चालक आता अवघड भाग संपला असे समजतो आणि नेमका तेथेच शहराची गर्दी सुरू होते. २० नोव्हेंबर २०२२ रोजी येथे एका जड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली आणि ४८ वाहनांचे नुकसान झाले. इंधन वाचवण्यासाठी गाडी उतारावर न्यूट्रलवर टाकली होती, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासातून पुढे आले. घाटाचा नियम बहुतेक चालकांना तोंडपाठ असतो. तरीही तो मोडला जातो तेव्हा त्यामागे डिझेलचा हिशेब असतो आणि या हिशेबाचा विचार पुढे करावयाचा आहे.

गाडीभोवतीची फेरी आणि मालाची जाण

अनुभवी चालक ओळखण्याची एक सोपी खूण म्हणजे ढाब्यावर उतरल्यावर त्याने केलेली पहिली हालचाल. जेवणाची ऑर्डर देण्याआधी तो हातात टामी, म्हणजे चाकाचे नट खोलण्याचा लोखंडी दांडा, घेऊन गाडीभोवती एक फेरी मारतो आणि प्रत्येक टायरवर एकेक ठोका देतो. हवा पुरेशी असलेल्या टायरवरून दांडा टणकन उसळतो, तर हवा कमी झालेल्या टायरवर तो बोदा आवाज करून दबतो. ही तपासणी मागच्या जोडचाकांसाठी विशेष आवश्यक असते, कारण दोन टायर शेजारी असताना आतल्या टायरची हवा गेली, तरी बाहेरचा टायर गाडी तोलून धरतो आणि बिघाड डोळ्यांना दिसत नाही. मात्र दोघांचा भार एकट्याने वाहणारा टायर तापून फुटतो. त्याच फेरीत तो जोडचाकांमध्ये अडकलेला दगड काढतो, हाताची पालथी बाजू हबजवळ नेऊन उष्णता अजमावतो, दोरांचा ताण पाहतो आणि मागचे दिवे पुसतो. इतर चाकांच्या तुलनेत एखादाच हब जास्त तापला असेल, तर तेथील बेअरिंग खराब झाले आहे किंवा ब्रेक अडकून राहिला आहे, असे त्याच्या ध्यानात येते.

गाडी सारखीच असली, तरी माल बदलला की चालवण्याची रीत बदलते. कळंबोलीच्या पोलाद बाजारातून निघणाऱ्या गाड्यांवर कित्येक टन वजनाची कॉइल, म्हणजे गुंडाळलेल्या पोलादी पत्र्याचे वेटोळे, असते; ती नीट जखडलेली नसेल, तर जोराचा ब्रेक लागताच पुढे सरकून केबिनवर येऊ शकते, त्यामुळे असा माल भरलेला चालक पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा अधिक अंतर ठेवतो. अर्धवट भरलेल्या टँकरमधील द्रव ब्रेक लावल्यावर पुढे आदळतो आणि वळणावर बाजूला झुकतो. म्हणून भरगच्च टँकरपेक्षा अर्धा टँकर अधिक दगा देतो, असे जुनेजाणते सांगतात. कापसाच्या गाडीचे वजन तुलनेने कमी असते, पण रचलेल्या मालाची उंची जास्त असल्याने गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. लासलगाव-पिंपळगाव भागातून परराज्यांत जाणाऱ्या कांद्याला हवा लागावी लागते. ताडपत्री गच्च आवळली तर माल आतल्या आत उबतो आणि सैल सोडली तर पावसात भिजतो. कांद्याच्या गाडीचा चालक त्यामुळे रस्त्याइतकाच आभाळाकडेही लक्ष ठेवून असतो.

उजवी मार्गिका आणि दिव्यांची भाषा

मोटारचालकांची मुख्य तक्रार उजव्या मार्गिकेविषयी असते. नियमाप्रमाणे जड वाहनाने डाव्या मार्गिकेतून जावे आणि पुढे जाण्यापुरतेच उजवीकडे यावे. चौपदरी महामार्गावर प्रत्यक्षात डावीकडे उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी, अचानक थांबणाऱ्या रिक्षा, रस्त्यात उभ्या केलेल्या गाड्या, जनावरे आणि गावच्या फाट्यावरून घुसणारी वाहने असतात. शिवाय पूर्ण भरलेल्या ट्रकची गती एकदा मोडली की ती पुन्हा मिळवण्यास बराच वेळ आणि डिझेल लागते. दुभाजकालगतची मार्गिका चालकाला कमी अडथळ्यांची वाटते ती या कारणाने. ही सबब सर्वत्र लागू पडत नाही हे खरे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी, रिक्षा आणि पादचारी यांना मज्जाव असल्याने तेथे उजवी मार्गिका अडवण्याला काहीच आधार उरत नाही आणि जुन्या मार्गावर जडलेली सवय नव्या मार्गावर केवळ इतरांची कोंडी करते.

दिव्यांचेही तसेच आहे. समोरून येणाऱ्याने प्रखर दिव्याची उघडझाप केली, ज्याला ‘डिपर देणे’ म्हणतात, तर भारतीय रस्त्यावर त्याचा अर्थ बहुधा ‘मी येतो आहे, तू थांब’ असा होतो. पुढच्या ट्रकने एका बाजूचा दिवा लावला, तर तो वळणार आहे की मागच्याला पुढे जाण्यास सांगतो आहे, हे प्रदेशाप्रमाणे आणि चालकाप्रमाणे बदलते. त्यामुळे मुरलेला चालक दुसऱ्याने दिलेल्या खुणेवर विसंबून ओव्हरटेक करीत नाही आणि स्वतः समोरचा रस्ता दिसेपर्यंत थांबतो. बंद पडलेल्या गाडीमागे झाडाच्या फांद्या आणि दगड ठेवण्याची रीत एके काळी उपयोगी होती, कारण दुसरे साधन हाताशी नसे. परंतु गाडी दुरुस्त होऊन गेल्यावर दगड रस्त्यातच राहतात आणि रात्री दुचाकीस्वाराच्या जिवावर उठतात. परावर्तक त्रिकोण हाच यावरचा योग्य उपाय आहे.

पहाटे दोन ते पाच

लांब पल्ल्याच्या कामातील सर्वांत मोठा शत्रू कोणता, या प्रश्नावर जुने चालक घाटाआधी झोपेचे नाव घेतात. शरीराचे अंतर्गत घड्याळ पहाटे दोन ते पाचच्या सुमारास जागेपणा सर्वांत खाली आणते आणि या वेळी ‘सूक्ष्म निद्रा’, म्हणजे डोळे उघडे असतानाही काही सेकंदांसाठी मेंदू झोपणे, हा प्रकार घडू शकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा ट्रक तीन सेकंदांत ५० मीटर अंतर कापतो आणि तेवढ्या अंतरात त्याला चालकच नसतो. ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडलेल्या निष्कर्षानुसार सलग १७ तास जागलेल्या व्यक्तीची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या व्यक्तीइतकी घसरते. भारतात वाहनचालकासाठी कायद्याने घातलेली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. याचा अर्थ असा की, पहाटे पाचला उठून रात्री दहानंतरही गाडी चालवणारा निर्व्यसनी माणूस त्या मर्यादेपलीकडे गेलेल्या मद्यपीइतकाच धोकादायक ठरू शकतो.

चहा, तोंडावर पाण्याचा हबका, तंबाखूचा बार, क्लीनरशी गप्पा या उपायांनी थोडा वेळ निघतो, झोप टळत नाही, हे अनुभवी चालक जाणून असतात; झोपेवर झोप हेच औषध. मध्यरात्रीनंतर पेट्रोल पंपावर किंवा ओळखीच्या ढाब्यावर गाडी लावून उजाडेपर्यंत पडून राहणे ही त्यांच्यातील अनेकांची शिस्त असते. पण ती झोपही निर्धास्त नसते. टाकीतील डिझेल आणि ताडपत्रीखालचा माल चोरीला जाण्याच्या भीतीने चालक केबिनमध्येच आडवा होतो आणि कान बाहेर ठेवतो. नागपूर ते मुंबईजवळील आमणे असा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यानंतर या प्रश्नाला नवी बाजू आली आहे. वळणे, गावे आणि चौक नसलेल्या सरळ रस्त्यावर दृश्य बदलत नाही, हातांना काम उरत नाही आणि चालक गुंगीत जातो. याला ‘महामार्ग संमोहन’ म्हणतात. जुना रस्ता चालकाला थकवत असला, तरी जागे ठेवत होता. नवा रस्ता त्याचा वेळ वाचवतो, पण जागे राहण्याचा सगळा भार त्याच्यावरच टाकतो.

कायद्यातील तास आणि भाड्यातील तास

कामाच्या तासांविषयी कायदा नाही असे नाही. २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू होईपर्यंत मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ नुसार चालकाला दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांहून अधिक काम देता येत नसे. लांब पल्ल्यासाठी परवानगी घेऊन ही मर्यादा १० आणि ५४ तासांपर्यंत नेता येई, आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती बंधनकारक होती. हा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी केला गेला, तर देशातील ट्रकव्यवसाय मुख्यतः एक-दोन किंवा चार-पाच गाड्या असलेल्या लहान मालकांच्या हाती आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने तासांची हीच मर्यादा परिवहन वाहन चालवणाऱ्यांना लागू केली. परंतु चालकाने किती तास गाडी चालवली याची नोंदच नसेल, तर तपासणार काय? युरोपात टॅकोग्राफ हे यंत्र चालवण्याचे आणि विश्रांतीचे तास टिपते व साडेचार तासांच्या वाहनचालनानंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. अमेरिकेत ११ तासांहून अधिक वाहनचालनास मनाई असून डिसेंबर २०१७ पासून बहुतेक लांब पल्ल्याच्या ट्रकांना इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र आवश्यक झाले आहे. भारतीय मालट्रकांना तासांची अशी नोंद ठेवणारे यंत्र सक्तीचे नाही.

नोंदीच्या या पोकळीत भाड्याचा हिशेब शिरतो. चालकाच्या मोबदल्याच्या अनेक रीती आहेत, पण त्यांपैकी एक फार रूढ आहे: मालक एका खेपेसाठी ठरावीक रक्कम हाती देतो, त्यातून डिझेल, वाटखर्च, जेवण आणि किरकोळ दुरुस्ती भागवायची आणि उरेल ते चालकाचे. भरलेला जड ट्रक एका लिटरला साधारण तीन-चार किलोमीटर जातो; म्हणून उतारावर न्यूट्रल टाकून वाचवलेले डिझेल ही थेट चालकाची कमाई होते. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने इंधन सोडणाऱ्या नव्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंधनपुरवठा थांबतो, तर न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन लागतच राहते. तीव्र उतारावरील जुनी बचत त्यामुळे आता बचतही उरलेली नाही. ही गोष्ट नव्या चालकाला कोणी समजावून सांगत नाही आणि जुन्या गाडीवर शिकलेली सवय नव्या गाडीत तशीच चालू राहते.

रात्रीच्या प्रवासाचेही कारण असेच बाहेर सापडते. माल भरण्यासाठी किंवा उतरवण्यासाठी गाडी कारखान्याच्या फाटकावर तासन् तास, कधी दोन-दोन दिवस उभी राहते. या थांबण्याचा मोबदला चालकाच्या हाती क्वचितच पडतो. शहरांत दिवसा जड वाहनांना प्रवेशबंदी असल्याने त्याला शहराबाहेर रात्रीची वाट पाहावी लागते. शिवाय बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक-पावतीवर, पोहोचण्याचा दिवस ठरलेला असतो. फाटकावर गेलेला दिवस भरून काढण्यासाठी रात्र तेवढी उरते. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर राज्यांच्या सीमांवरील करतपासणी नाके उठले, मुंबईतील जकात संपली आणि फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाल्याने टोलनाक्यावरील रांगही आखूड झाली. पूर्वी नाक्यावरच्या रांगेत चालकाला नकळत दोन घटका डोळा लागत असे. आता ती रांग गेली आणि वाचलेला वेळ त्याच्या विश्रांतीला मिळण्याऐवजी पुढच्या खेपेत जमा झाला, अशी जुन्या चालकांची तक्रार असते.

सुधारणांची दिशा

अलीकडे काही बदल घडले आहेत. नव्या मध्यम आणि जड ट्रकांना वातानुकूलित केबिन बंधनकारक करण्याचा नियम २०२५ पासूनच्या उत्पादनासाठी आला, पेट्रोल पंपांवर ‘अपना घर’ या नावाने चालकांसाठी विश्रांतिस्थाने उभी राहू लागली आणि काही वाहतूकदार रिले पद्धत वापरतात, जिच्यात ट्रक पुढे जातो पण चालक ठरावीक टप्प्यावर बदलतो आणि परतीची गाडी घेऊन घरी येतो. दुसरीकडे, भारतीय न्याय संहितेतील अपघातानंतर पळून जाण्यासंबंधीच्या १० वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या तरतुदीविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी देशभर काम थांबवले, तेव्हा जमावाच्या मारहाणीची त्यांची भीती प्रथमच मोठ्या प्रमाणावर चर्चेत आली आणि त्या कलमाची अंमलबजावणी रोखून धरण्यात आली.

या सर्वांत एक दुवा मात्र सुटलेला आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि अशा प्रत्येक घटनेनंतर विचारणा मुख्यतः चालकाच्या चुकीपाशी थांबते. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक राज्यांत २०१४ पासून लागू असलेल्या जड वाहन कायद्याने ही विचारणा पुढे नेली आहे. तेथे माल पाठवणारा, तो भरणारा आणि पोहोचण्याची वेळ ठरवणारा यांच्यावरही सुरक्षिततेची कायदेशीर जबाबदारी असते आणि विश्रांती अशक्य होईल असे वेळापत्रक लादणे हा त्यांचा दोष ठरतो. भारतात हा विचार आणायचा, तर फाटकावर थांबलेल्या तासांचा मोबदला चालकापर्यंत पोहोचला पाहिजे, डिझेल हा मालकाचा खर्च राहिला पाहिजे आणि वाहनचालनाच्या तासांची नोंद गाडीनेच ठेवली पाहिजे. घाट कोणत्या गिअरमध्ये उतरावा, टायरचा आवाज कसा ऐकावा आणि अर्धा टँकर वळणावर कसा सांभाळावा हे जुन्या चालकांकडून प्रशिक्षण केंद्रांनी रीतसर शिकून घ्यावे, अशी वेळ आली आहे. पण त्या चालकाने पहाटे तीनला गाडी थांबवून झोपावे की पुढे जावे, याचा निर्णय आजही बिल्टीवर पोहोचण्याचा दिवस लिहिणाऱ्याच्या हाती आहे आणि म्हणून अपघातानंतरचा पहिला प्रश्न त्यालाही विचारला गेला पाहिजे.